पत्र्याचे शिरस्त्राण घडवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐतिहासिक नाटके, शिवजयंतीच्या मिरवणुका, गुढीपाडव्याच्या शोभायात्रा आणि दरवर्षी ६ जूनला रायगडावर होणारा राज्याभिषेक सोहळा यांसाठी धातूचे शिरस्त्राण स्वतः घडवू पाहणाऱ्यांना जे प्रश्न हटकून पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. डोळ्यांसमोर ठेवलेला नमुना दख्खनी धाटणीचा आहे: अर्धगोल वाटी, तिच्या खाली कपाळावरून फिरणारी पट्टी, नाकासमोर येणारी उभी पट्टी, माथ्यावर टोक, तुऱ्यासाठी नळ्या आणि कानांवरून मानेपर्यंत उतरणारी कड्यांची झालर. सर्व मापे प्रौढ व्यक्तीसाठी आहेत. शिरस्त्राण आतून बाहेर घडवावे, हा या उत्तरांमागचा आग्रह आहे. आधी डोके, मग अस्तर, मग वजन, आणि नक्षीचा विचार या सगळ्यांनंतर.

कोणत्या पात्राला धातूचे शिरस्त्राण द्यावे?

सरसकट सर्वांना देऊ नये. सामान्य मावळ्याच्या डोक्यावर कापडी पागोटे किंवा मुंडासेच असावे, कारण धातूचे शिरस्त्राण आणि चिलखत ही महागडी साधने होती आणि ती सरदार, निवडक स्वार किंवा दरबारी शिलेदार यांच्याच अंगावर शोभतात. छत्रपती शिवाजी महाराजांच्या समकालीन चित्रांमध्येही डोक्यावर कापडी पगडीच दिसते, आणि आज बाजारात जिरेटोप म्हणून विकला जातो तोही मोत्यांच्या लडी लावलेला कापडी टोपच असतो. म्हणून महाराजांच्या भूमिकेसाठी पत्र्याचा चकचकीत टोप करून घेण्याची घाई करू नये.

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेल्या अफजलखान भेटीच्या प्रसंगात मात्र धातूला खरे स्थान आहे. महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली संरक्षक टोप घातला होता, असे परंपरेने सांगितले जाते. या प्रवेशासाठी टोप करायचा असेल, तर तो पूर्णपणे झाकला जाणार आहे हे लक्षात घेऊन उथळ, गुळगुळीत, रिव्हेटची (पत्रे जोडण्यासाठी ठोकून बसवलेल्या खिळ्यांची) डोकी बाहेर न आलेला आणि शक्य तितका हलका करावा. प्रेक्षकांना दिसणार नाही म्हणून तो टाळणारे दिग्दर्शक असतात, परंतु नटाच्या मानेला ते वजन जाणवते आणि त्याच्या चालण्याबोलण्यात फरक पडतो, असे माझे ठाम मत आहे.

पत्रा कोणत्या धातूचा घ्यावा?

पहिल्या शिरस्त्राणासाठी साधा काळा लोखंडी पत्रा, म्हणजे ज्याला बाजारात सी.आर. किंवा एम.एस. शीट म्हणतात तो, सर्वांत योग्य आहे. तो स्वस्त असतो, थंड असतानाही बऱ्यापैकी वळतो आणि खऱ्या शिरस्त्राणासारखा दिसतो. पितळ दिसायला देखणे आणि ठोकायला मऊ असते, परंतु काम करताना ते वारंवार तापवून मऊ करावे लागते. अॅल्युमिनियम फार हलके असल्यामुळे तीन अंकी नाटकासाठी किंवा लांबच्या मिरवणुकीसाठी त्याचा विचार अवश्य करावा. त्याचा पांढरट रंग पोलादासारखा दिसत नाही, म्हणून वर योग्य रंगकाम करावे लागते.

स्टेनलेस स्टीलच्या वाटेला नवशिक्याने जाऊ नये. ते ठोकताना झपाट्याने कडक होत जाते, छिद्र पाडताना ड्रिलचे बिट बोथट करते आणि कापलेली कडा ब्लेडसारखी धारदार राहते. जस्ताचा मुलामा दिलेला जी.आय. पत्रा थंड कामासाठी आणि रिव्हेटच्या जोडकामासाठी चालतो, पण तो कधीही तापवू नये व त्याला वेल्डिंग करू नये. जस्त ४२० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते आणि वेल्डिंगच्या उष्णतेत त्याचा पांढरा धूर होतो. हा धूर छातीत गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते आणि अंग मोडून येते. उघड्यावर काम केले म्हणजे हा धोका टळतो, असे समजू नये.

सरावासाठी तेलाचा रिकामा १५ किलोचा डबा उत्तम. त्याचा पत्रा इतका पातळ असतो की त्याचे शिरस्त्राण टिकणार नाही, पण पाकळ्यांचे साचे त्यावर कापून पाहिले तर चांगला पत्रा वाया जात नाही.

पत्र्याची जाडी किती असावी आणि शिरस्त्राणाचे वजन किती भरेल?

आपल्याकडे पत्रा गेजवर विकला जातो आणि गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो. १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मि.मी., २० गेज म्हणजे सुमारे ०.९ मि.मी. आणि २२ गेज म्हणजे सुमारे ०.७ मि.मी. रंगमंचासाठी लोखंड किंवा पितळ असल्यास २० गेज, अॅल्युमिनियम असल्यास १८ गेज ही माझी शिफारस आहे. २२ गेजचा पत्रा वळायला सोपा असतो, परंतु गर्दीत कोणाचे कोपर लागले तरी त्याला पोचा पडतो.

वजनाचा अंदाज कागदावर आधीच काढता येतो. सुमारे साडेदहा सें.मी. त्रिज्येच्या अर्धगोल वाटीचे क्षेत्रफळ साधारण ६९० चौ. सें.मी. भरते. लोखंडाची घनता दर घन सें.मी.ला ७.८५ ग्रॅम धरली, तर २० गेजच्या वाटीचे वजन सुमारे ४९० ग्रॅम होते, पितळेचे सुमारे ५३० ग्रॅम, आणि १८ गेजच्या अॅल्युमिनियमचे अवघे २२५ ग्रॅम. खालच्या पट्टीचे लोखंडात सुमारे २१० ग्रॅम धरावेत. पाकळ्यांचे एकमेकींवर येणारे काठ, नाकाची पट्टी, नळ्या, टोक आणि अस्तर जमेस धरता सगळे मिळून एक किलोच्या आसपास जाते. झालर यात धरलेली नाही. लोखंडी कड्यांची झालर एकटीच अर्धा किलो सहज भरते, आणि मग नट दुसऱ्या अंकात मान चोळू लागतो. सव्वा किलोच्या वर जाणारे शिरस्त्राण सलग तासभर कोणाच्याही डोक्यावर ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

असे शिरस्त्राण डोक्याचे खरोखर रक्षण करते का?

नाही. हे वेशभूषेचे साहित्य आहे. तलवारबाजीच्या प्रवेशात खरे वार यावर झेलू नयेत. शोभायात्रेत दुचाकी चालवताना तर ते हेल्मेटऐवजी मुळीच घालू नये, कारण दुचाकीच्या हेल्मेटला आय.एस. ४१५१ हे भारतीय मानक लागू आहे आणि त्यातील धक्का शोषून घेणारा जाड थर पत्र्याच्या टोपात नसतो. पडल्यावर पत्रा आत दबतो, रिव्हेटची टोके टाळूत घुसू शकतात आणि नाकाची पट्टी चेहऱ्यावर आदळते. दुचाकीवर प्रमाणित हेल्मेट घालावे आणि उतरल्यावर शिरस्त्राण चढवावे.

डोक्याचे माप कसे घ्यावे?

भुवयांच्या वर बोटभर अंतरावरून, कानांच्या वरून आणि मागच्या उंचवट्यावरून शिंप्याची टेप फिरवून घेर मोजावा. त्यानंतर कपाळापासून मागच्या उंचवट्यापर्यंतची लांबी आणि कानांवरची रुंदी दोन पुस्तकांमध्ये डोके धरून स्वतंत्रपणे मोजावी. बहुतेक नवशिके फक्त घेर मोजतात, वाटी गोल करतात आणि मग ती कपाळावर टोचते व बाजूंना डुगडुगते. डोके लांबट असते आणि त्याची लांबी रुंदीपेक्षा साधारण चार सें.मी.ने अधिक असते. शिरस्त्राणाची पट्टीही त्याच लांबट आकारात वळवली पाहिजे.

यानंतर अस्तराची जाडी मिळवावी. अस्तर १.२ सें.मी. जाडीचे धरले तर घेरात सुमारे साडेसात सें.मी.ची भर पडते, म्हणजे ५७ सें.मी. घेराच्या डोक्यासाठी पट्टीचा आतील घेर सुमारे ६४.५ सें.मी. ठेवावा लागतो. जोडासाठी अडीच सें.मी. आणि पत्र्याच्या जाडीपोटी तीन मि.मी. धरून पट्टी सुमारे ६७.३ सें.मी. लांब कापावी. तिची रुंदी साडेचार सें.मी. ठेवल्यास रिव्हेटच्या दोन ओळी सुखाने बसतात. भूमिका करणाऱ्याचे केस लांब असतील किंवा तो विग घालणार असेल, तर मापे विग चढवूनच घ्यावीत.

वाटी एका तुकड्यातून उठवावी की पाकळ्या जोडून करावी?

जुनी दर्जेदार शिरस्त्राणे अनेकदा एकाच तुकड्यातून उठवलेली असत, आणि ते काम कसलेल्या हातांचे आहे. सपाट चकतीतून दहा सें.मी. खोल वाटी उठवताना कडेला चुण्या पडतात, त्या वेळीच दाबल्या नाहीत तर पत्रा घडीवर फाटतो, आणि काही ठिकाणी पत्रा ताणून इतका पातळ होतो की बोटाने दाबला तरी हलतो. पहिल्या वेळी सहा पाकळ्यांची वाटी करावी. जोड झाकण्याची धडपड न करता प्रत्येक जोडावर पितळेची पातळ पट्टी ठेवून रिव्हेट मारल्यास तो जोडच सजावट बनतो.

पाकळीचा साचा कसा काढावा?

हे काम जाड पुठ्ठ्यावर करावे आणि पुठ्ठ्याची पूर्ण वाटी चिकटपट्टीने जोडून डोक्यावर बसवून पाहिल्याशिवाय पत्र्याला कात्री लावू नये.

आतील घेर ६४.५ सें.मी. असेल तर सरासरी त्रिज्या सुमारे १०.३ सें.मी. येते आणि पट्टीपासून माथ्यापर्यंत पृष्ठभागावरून मोजलेले अंतर सुमारे १६.१ सें.मी. होते. हीच पाकळीची उंची. सहा पाकळ्या असल्याने प्रत्येकीची तळाची रुंदी १०.७५ सें.मी. येते. पाकळीच्या कडा सरळ रेषेत निमुळत्या केल्यास तंबूसारखा शंकू तयार होतो, म्हणून कडांना बाहेर फुगीर गोलाई द्यावी लागते. तळापासून ५.४ सें.मी. उंचीवर रुंदी ९.३ सें.मी., ८.१ सें.मी. उंचीवर ७.६ सें.मी. आणि १०.८ सें.मी. उंचीवर ५.४ सें.मी. ठेवावी. हे बिंदू सहज वाकणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीने जोडले की कडा आपोआप गोल येते. माथ्याकडचे टोक एक सें.मी. आधीच कापून टाकावे, कारण सहा अणकुचीदार टोके एका बिंदूवर कधीच नीट जुळत नाहीत. त्या जागी सहा-सात सें.मी. व्यासाची थोडी फुगीर चकती बसते.

यानंतर प्रत्येक पाकळीच्या एका बाजूला १२ मि.मी. वाढीव काठ ठेवावा, जो शेजारच्या पाकळीखाली जाईल, आणि तळाला पट्टीच्या आत जाण्यासाठी १५ मि.मी. सोडावेत. वाटी लांबट असल्यामुळे समोरची आणि बाजूची पाकळी यांत किंचित फरक पडतो. तो जोडताना काठांच्या वाढीव भागात सामावून जातो. पाकळ्यांना क्रमांक द्यावेत आणि साचा उलटा पडू नये म्हणून बाहेरच्या बाजूला खूण करावी.

घरी कोणती हत्यारे असावीत?

पत्रा कापायची सरळ आणि वळणाची कात्री, गोल तोंडाचा हातोडा, लाकडी किंवा नायलॉनचा हातोडा, अर्धगोल कानस, हँड ड्रिल, पंच, पक्कड आणि घट्ट धरणारा व्हाइस एवढ्यावर काम भागते. ऐरणीची गरज नाही. झाडाच्या बुंध्याच्या तुकड्यात उभ्या तंतूंच्या बाजूने आठ-दहा सें.मी. रुंद आणि दोन सें.मी. खोल खळगा कोरला की ठोकायची जागा तयार होते. बाहेरून सफाई करण्यासाठी गोल डोक्याचा लोखंडी खुंटा लागतो. तो नसल्यास व्हाइसमध्ये उभा धरलेला मोठ्या बोल्टचा गोल माथा घासून गुळगुळीत करून वापरता येतो.

हातमोज्यांबाबत एक नियम काटेकोरपणे पाळावा. पत्रा कापताना आणि उचलताना चामड्याचे हातमोजे घालावेत, आणि ड्रिल चालवताना ते काढून ठेवावेत, कारण फिरत्या बिटमध्ये हातमोजा अडकला तर तो हातासकट ओढला जातो. ड्रिलखालचा पत्रा हाताने न धरता लाकडावर क्लॅम्पने आवळावा. डोळ्यांवर चष्मा आणि ठोकताना कानांत बोळे असावेत. धनुर्वाताची लस किती वर्षांपूर्वी घेतली, हे काम सुरू करण्याआधीच पाहून ठेवलेले बरे.

सपाट पाकळीला गोलाई कशी द्यावी?

पाकळी खळग्यावर आतील बाजू वर करून धरावी आणि मध्यरेषेवर तळापासून माथ्याकडे हलके, एकमेकांवर अर्धे चढणारे ठोके द्यावेत. मग मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक ओळ वाढवत कडांकडे यावे. कडेच्या शेवटच्या सेंटिमीटरवर ठोके देऊ नयेत, कारण कडा ताणली गेली की ती लाटांसारखी वळवळते आणि शेजारच्या पाकळीला चिकटून बसत नाही. जोराने दिलेला एक ठोका खोल खड्डा पाडतो आणि तो काढताना हलक्या ठोक्यांच्या दुप्पट श्रम होतात. प्रत्येक फेरीनंतर १०.३ सें.मी. त्रिज्येचा पुठ्ठ्याचा कंस पाकळीच्या पोटाशी लावून पाहावा, म्हणजे कोठे कमी पडते आहे ते लगेच समजते.

आकार जमल्यावर पाकळी खुंट्यावर पालथी घालून बाहेरून गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याने सफाई करावी. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्या-पितळेच्या भांड्यांवर जे मठारकाम होते, त्यात ठोक्यांच्या नेमक्या ओळींनी छोटे छोटे पैलू उमटवले जातात. त्यामुळे भांड्याला झळाळी येते, शिवाय धातू घट्ट आणि कडकही होतो. शिरस्त्राणावर तेच तत्त्व लागू पडते. ठोक्यांच्या खुणा घासून पूर्ण सपाट करण्यापेक्षा त्या समान आणि नीटस ठेवाव्यात. यंत्रावर काढलेल्या गुळगुळीत वाटीपेक्षा अशी वाटी प्रकाशझोतात अधिक जिवंत दिसते.

धातू कधी आणि कसा तापवून मऊ करावा?

ठोकता ठोकता धातू कडक होतो. हातोड्याचा आवाज खणखणीत होऊ लागला आणि ठोका उलटून हाताला जाणवू लागला की थांबावे. २० गेजच्या लोखंडी पाकळ्यांची गोलाई उथळ असल्याने त्या बहुधा थंडच वळतात. पितळ मात्र अंधुक प्रकाशात जेमतेम लालसर दिसेपर्यंत तापवावे आणि हवेत निवू द्यावे. लाल असतानाच ते पाण्यात बुडवल्यास तडे जाण्याची भीती असते.

अॅल्युमिनियम तापल्यावर रंग बदलत नाही आणि ६६० अंशांना एकाएकी वितळते, म्हणून त्यावर कपडे धुण्याच्या साबणाने रेघा ओढाव्यात. रेघा तपकिरी-काळ्या झाल्या की ज्योत बाजूला घ्यावी. हे काम उघड्यावर, वाळूची बादली जवळ ठेवून आणि सुती कपडे घालून करावे.

जोड वेल्डिंगने करावा की रिव्हेटने?

रिव्हेटने. एक मि.मी.पेक्षा पातळ पत्र्यावर साध्या आर्क वेल्डिंगने भोके पडतात, पत्रा वाकडा होतो आणि शिवकालीन रूप नाहीसे होते. तीन मि.मी. जाडीचे गोल डोक्याचे भरीव रिव्हेट वापरावेत, छिद्र ३.१ ते ३.२ मि.मी.चे पाडावे, छिद्राचा मध्य काठापासून किमान सहा मि.मी. आत ठेवावा आणि दोन रिव्हेटमध्ये २० ते २५ मि.मी. अंतर ठेवावे. आत गोल डोके करायचे असल्यास रिव्हेटचा दांडा साडेचार मि.मी. बाहेर राहू द्यावा लागतो, परंतु आतली बाजू सपाट ठोकून घेणे डोक्यासाठी हितकारक आहे, आणि त्यासाठी साडेतीन मि.मी. पुरतात.

सगळी छिद्रे एकदम पाडू नयेत. आधी टोकाची छिद्रे पाडून तात्पुरते तीन मि.मी.चे नटबोल्ट लावावेत, वाटी डोक्यावर बसवून पाहावी, आणि मग एकेक छिद्र पाडत रिव्हेट मारत जावे. पॉप रिव्हेट झटपट बसतात, मात्र ते पोकळ असतात, बाहेरून आधुनिक दिसतात आणि आत टोचणारे शेपूट सोडतात. घाईच असेल तर ते अस्तराच्या पट्टीखाली झाकल्या जाणाऱ्या जागीच वापरावेत.

कडांचे काय करावे?

प्रत्येक तुकडा कापल्याबरोबर कानस आणि मग पॉलिश पेपर लावून त्याची धार बोथट करावी. हे काम शेवटी एकदम करू असे म्हणणाऱ्यांची बोटे मध्येच कापतात. पट्टीचा खालचा काठ मात्र घासून पुरेसा होत नाही. त्याला पाच मि.मी. बाहेर वळवून दाबावे किंवा आत दोन मि.मी.ची तार घालून पत्रा तिच्याभोवती गुंडाळावा. तार घातलेला काठ कपाळाला लागत नाही आणि संपूर्ण शिरस्त्राणाला ताठपणा देतो.

नाकाची पट्टी आणि माथ्यावरचे टोक कसे असावे?

जुन्या शिरस्त्राणांत नाकाची पट्टी खोबणीतून वर-खाली सरकत असे आणि स्क्रूने किंवा आकड्याने अडकवली जात असे. नाटकासाठी ती वर सरकवलेल्या स्थितीत ठेवणेच इष्ट, कारण चेहरा झाकला की अभिनय झाकला जातो. खाली ठेवायची असल्यास नाकापासून दीड ते दोन सें.मी. अंतर ठेवावे आणि तिचे खालचे टोक गोल करून किंचित बाहेर वळवावे.

माथ्यावरचे टोक अणकुचीदार करू नये. शेवटी लहान गोळी असावी आणि ते आट्यांवर बसणारे, म्हणजे काढता येणारे असावे. मिरवणुकीत ट्रॅक्टरवर किंवा ट्रकवर उभे राहणाऱ्यांनी ते काढूनच ठेवावे, कारण रस्त्यावर लोंबणाऱ्या विजेच्या तारा आणि डोक्यावरचा धातू यांतील अंतर खालून कळत नाही.

कड्यांची झालर कशी करावी?

१.२ मि.मी.ची अॅल्युमिनियमची तार सहा मि.मी.च्या सळईवर गुंडाळून तिची स्प्रिंग करावी आणि कडी सुटी कापावीत. प्रत्येक कडे शेजारच्या चार कड्यांतून ओवले की जाळी तयार होते. कडी हजारांवर लागतात, त्यामुळे हे काम तालमीच्या पहिल्या दिवसापासून सुरू करावे. कड्यांची तोंडे नीट जुळवली नाहीत, तर त्यांत केस अडकतात. लांबून पाहायच्या प्रयोगासाठी जाड सुती दोरा सैल विणून त्यावर चंदेरी आणि वर थोडा काळा रंग मारलेली झालरही पुरेशी ठरते, आणि ती कॉलरमाइकवर खुळखुळत नाही. संवाद असलेल्या पात्राला मी विणलेलीच झालर देईन.

अस्तर कसे बसवावे?

सगळ्यांत जास्त वेळ येथे द्यावा. अस्तराचे दोन भाग करावेत. पहिला भाग म्हणजे पट्टीच्या आतून फिरणारी तीन सें.मी. रुंद चामड्याची पट्टी, जी शिरस्त्राणाला रिव्हेटने कायमची जोडलेली असते आणि जिच्या मोकळ्या काठावर टोच्याने छिद्रे पाडलेली असतात. दुसरा भाग म्हणजे त्या छिद्रांतून दोऱ्याने बांधलेली, हवी तेव्हा सोडून धुता येणारी सुती टोपी. ही टोपी जुन्या सुती लुगड्याच्या किंवा धोतराच्या घड्यांची, गोधडीसारखे जवळजवळ धावदोरे घालून शिवावी. सुती कापड घाम शोषते, वापरून मऊ होते आणि धातूचा खणखणाट दबवते. नुसता फोम चिकटवून भागवल्यास तो घामाने कुजतो, गोंद सुटतो आणि ऐन प्रयोगात तुकडा गळ्यात येतो.

टोपी माथ्यावर सैल नसावी. तिच्या सहा पाकळ्यांची टोके एका दोरीत ओवून ती दोरी आवळता-सोडता येईल अशी ठेवावी, म्हणजे वाटी डोक्यावर किती खोल बसावी हे दोरीने ठरवता येते आणि एकच शिरस्त्राण दोन नटांना चालते. टाळू आणि पत्रा यांत किमान दीड सें.मी. मोकळी हवा राहिली पाहिजे. तुऱ्याच्या नळ्यांच्या मागे चार-पाच मि.मी.ची काही छिद्रे पाडल्यास ती बाहेरून दिसत नाहीत आणि आतली कोंदट हवा बाहेर पडते. हनुवटीचा पट्टा कानाच्या पुढे आणि मागे अशा दोन ठिकाणांहून निघून जबड्याखाली एकत्र यावा. एकाच ठिकाणाहून निघालेला पट्टा वाकून मुजरा करताना शिरस्त्राण पुढे घसरू देतो.

तयार कढई किंवा पातेले वापरले तर चालेल का?

गोल बुडाची, साधारण २१ सें.मी. व्यासाची अॅल्युमिनियमची कढई कान काढून वापरता येते. व्हाइसमध्ये लाकडी फळ्यांनी दोन्ही बाजूंनी हळूहळू दाबून तिला लांबट आकार द्यावा. अनेक मंडळांचा पैसा आणि वेळ यामुळे वाचतो. सपाट बुडाचे पातेले मात्र कितीही ठोकले तरी पातेलेच दिसते.

लहान मुलांसाठी पत्र्याचे शिरस्त्राण करावे का?

करू नये. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी पुठ्ठा किंवा फोमशीटवर चंदेरी रंग पुरेसा आहे. मुलांची मान नाजूक असते, ती धावतात, एकमेकांवर आदळतात, आणि धातूची कडा शेजारच्या मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर असते.

उन्हात किती वेळ घालावे?

फाल्गुन-चैत्राच्या उन्हात धातू हात लावता येणार नाही इतका तापतो, आणि ६ जूनला रायगडावर बहुधा उन्हासोबत पावसाआधीचा दमटपणाही असतो. मिरवणूक थांबेल तेव्हा शिरस्त्राण काढून काखेत धरावे, वर पांढरे उपरणे टाकावे, आतली टोपी थोडी ओली करावी आणि पाणी पीत राहावे. डोके जड होणे, मळमळणे किंवा घाम अचानक थांबणे ही लक्षणे दिसताच ते काढून सावलीत बसावे आणि बरे वाटले तरी त्या दिवशी पुन्हा चढवू नये. घाम थांबला किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे. शिरस्त्राण घातलेल्याला बाजूचे कमी ऐकू येते, म्हणून घोड्यांजवळ किंवा ढोलताशा पथकाच्या मध्ये चालताना सोबत एक जण असावा.

रंग आणि झळाळी कशी द्यावी?

लोखंडाला आरशासारखी चमक देण्याचा मोह टाळावा, कारण प्रकाशझोतात ते कॅमेऱ्यावर आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांवर चमकतो. जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात देऊन पाकळ्या उघड्यावर तापवल्यास काळपट तपकिरी, टिकाऊ थर बसतो आणि गंजही रोखला जातो. हे अस्तर लावण्यापूर्वी करावे, आणि तेलाने माखलेल्या चिंध्या घडी करून ठेवू नयेत, कारण त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पितळेच्या पट्ट्यांवर वेलबुट्टी उठवायची असल्यास पट्टी राळ, विटेची पूड आणि तेल यांच्या मिश्रणावर बसवून मागून-पुढून छिन्नीने काम करावे, तेही जोडणीआधी. पितळ चिंचेने किंवा लिंबाने उजळते, मात्र नंतर भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडे करावे, नाहीतर शेजारच्या लोखंडावर दुसऱ्या दिवशी गंजाची रेघ उमटते.

पावसाळ्यात ते कसे ठेवावे?

प्रत्येक वापरानंतर घामाचे मीठ ओल्या फडक्याने पुसावे, कोरडे करावे, अस्तर सोडून उन्हात घालावे आणि धातूवर यंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये, कारण आत पाणी सुटते. कोकणात आणि मुंबईत तर ते सुती कापडात सैल गुंडाळून, जमिनीपासून उंच फळीवर ठेवावे आणि आषाढ-श्रावणात अधूनमधून उघडून पाहावे. रिव्हेटच्या भोवती लाल भुकटी दिसली की ती पितळेच्या तारांच्या ब्रशने लगेच काढावी.

काम कारागिराकडे कधी द्यावे?

एका तुकड्याची वाटी हवी असेल, पितळ किंवा तांबे वापरायचे असेल, किंवा एकाच मापाची दहा-बारा शिरस्त्राणे हवी असतील, तेव्हा तांबटाकडे जाणे शहाणपणाचे ठरते. जाताना पुठ्ठ्याचे पूर्ण शिरस्त्राण, डोक्याची तिन्ही मापे आणि ठरवलेले वजन लिहून न्यावे, आणि अस्तरासाठी किती जागा सोडली आहे ते बोलून स्पष्ट करावे. भांडी घडवणाऱ्या हाताला वाटीचे तंत्र शिकवावे लागत नाही, परंतु ती डोक्यावर तासन्‌तास बसणार आहे हे सांगावे लागते. पहिली वाटी तयार झाल्यावर ती घालणाऱ्याच्या डोक्यावर अस्तरासह बसवून पाहावी आणि त्यानंतरच उरलेल्यांचे काम सुरू करायला सांगावे.